बॅटरीचं दुकान, बारावीतली लेक आणि शाखेची निवड

नमस्कार.

बार्शीतलं तुमचं बॅटरीचं दुकान, बारावी सायन्सला असलेली लेक, तिची केमिस्ट्रीची आवड, सगळं पत्रातून कळलं. तिला इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत काम करायचंय. तुम्हाला धास्ती वाटते, की नव्या बॅटऱ्या सीलबंद, त्यात माणसाला काम काय उरणार? शिवाय तंत्र सारखं बदलतंय, शिकलेलं वाया गेलं तर?

सीलबंदाचं आधी बोलू. यूपीएसची एसएमएफ, म्हणजे सीलबंद, देखभाल न लागणारी बॅटरी तुम्ही रोज विकता. तिच्या पॉझिटिव्ह प्लेटवर सुटलेल्या ऑक्सिजनचं निगेटिव्ह प्लेटवर पुन्हा पाणी होतं, म्हणून पाणी घालावं लागत नाही. लिथियमचा सेल याहून नाजूक. ओल आत गेली की इलेक्ट्रोलाइटमधल्या, म्हणजे आतल्या द्रावणातल्या क्षारापासून जहाल आम्ल तयार होतं, म्हणून तो कोरड्या हवेच्या बंदिस्त खोलीत भरून सील करतात. एकदा सील झाला की आत डोकावता येत नाही. मग व्होल्टेज, करंट, तापमान एवढ्यावरून आतली तब्येत ओळखायची. ते काम 'बीएमएस', म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते आणि ती बनवायला माणसं लागतात. 2022 मध्ये आपल्याकडे ई-स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर त्यांच्या बॅटरीच्या सुरक्षेसाठीच्या एआयएस-156 या मानकातल्या चाचण्या कडक झाल्या. चाचणीचं कामही त्यामुळे वाढलं.

तंत्र बदलतं, हे मात्र खरं. 1997 च्या टोयोटा प्रियस या हायब्रिड गाडीत निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी होती. मग लिथियम-आयन आली. त्यातही आता निकेल-कोबाल्ट नसलेली एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जोरात आहे, थोडी जड, पण स्वस्त आणि उष्णता जास्त सोसणारी. पुण्यात केपीआयटी या कंपनीने आयसर या विज्ञान संस्थेच्या साथीने सोडियम-आयन बॅटरीवर काम केलं आणि 2023 मध्ये ते जाहीर केलं. पण आयनांची ये-जा, इलेक्ट्रोडची झीज, उष्णता, हे प्रश्न प्रत्येकीत आहेतच. म्हणून तिने बॅटरीचा प्रकार बघून कोर्स निवडू नये. केमिस्ट्री आवडते तर केमिकल किंवा मेटलर्जी-मटेरियल्स घ्यावं. सर्किट आणि कोडिंगची गोडी असेल तरच इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स. संशोधनाकडे ओढ असेल तर बीएस्सी, एमएस्सीची वाटही चांगली आहे. तमिळनाडूत कारैकुडीला सीएसआयआरची सेक्री ही केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था याच विषयाला वाहिलेली आहे, तिचं नाव लक्षात असू द्या.

'सहा महिन्यांत ईव्ही एक्स्पर्ट' अशा जाहिरातींना फी भरू नका. तसले कोर्स पदवीनंतरही करता येतात.

सुट्टीत तिला दुकानात बसवा. मल्टिमीटर, हायड्रोमीटर हाताळू द्या, बॅटऱ्यांचं डिस्चार्ज होणं वहीत टिपू द्या. लिथियमचा पॅक मात्र उघडू देऊ नका. प्रवेशाच्या कॅप राउंडचे पर्याय भरण्याआधी सीईटीचा स्कोअर कळवा, कॉलेजांची यादी मिळून करू.