डायडेम : मुकुट की पट्ट?

प्रश्न असा आहे : युक्रेनमधल्या साखनिवका गावी 1900 साली बाराव्या शतकातलं एक सोन्याचं 'डायडेम' सापडलं. त्याला मराठीत 'मीनाकारी मुकुट' म्हणावं का?

'मुकुट' मला खटकतो. मुकुट घालतात, चढवतात, डायडेम बांधतात. त्या ग्रीक शब्दाच्या पोटातच 'भोवती बांधणं' आहे. सिकंदर आणि त्याच्यामागून आलेले ग्रीक राजे डोक्याला कापडी फीत बांधत, ते मूळ डायडेम. त्यांच्यातल्याच मिनँडर (मिलिंद) राजाच्या नाण्यांवर त्या फितीची गाठ आणि मानेमागे सुटलेली टोकं दिसतात. पुढे कापडाच्या जागी सोनं आलं, नाव तेच राहिलं.

आपल्याकडे यासाठी अगदी नेमका शब्द आहे : पट्ट. पट्टराणीतला, पट्टाभिषेकातला. वराहमिहिराने बृहत्संहितेत पट्टांची लक्षणंच सांगितली आहेत. पट्ट शुद्ध सोन्याचा हवा. राजाचा मधोमध आठ अंगुळं रुंद आणि पाच शिखांचा (वर निघालेल्या टोकांचा), राणीचा सात अंगुळं आणि तीन शिखांचा, सेनापतीचा चार अंगुळं आणि एकाच शिखेचा. बाशिंगही बांधतातच, पण तो शब्द लग्नाला इतका चिकटला आहे की इथे शोभणार नाही.

साखनिवकाचा पट्ट कमानदार माथ्याच्या सोनेरी पट्ट्या जोडून केलेला आहे. बाकीच्यांवर नक्षी, मधल्या पट्टीवर मात्र सिकंदर! त्याने दोन्ही हातांत काठ्या उंच धरल्यात, टोकांना आमिष आहे, आणि ते पकडायला झेपावणारे ग्रिफिन (तोंड गरुडाचं, अंग सिंहाचं) त्याला आकाशात ओढून नेताहेत. राजा इतरांहून वर, हा त्याचा अर्थ. व्हेनिसच्या सान मार्को चर्चच्या उत्तर भिंतीवरही हेच दृश्य कोरलेलं आहे. ज्याने कापडाची फीत बांधली, तोच दीड हजार वर्षांनी सोन्याच्या पट्टावर येऊन बसला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

'मीनाकारी' चालेल, पण जयपुरी मीन्यात धातू कोरून खळगे करतात. इथे सोन्याच्या बारीक पट्ट्या कडेवर उभ्या करून कप्पे केले आहेत. त्यांत रंगीत काचेची पूड भरायची, भट्टीत वितळवायची आणि घासून चकाकी आणायची. म्हणून मी लिहीन, 'कप्प्यांच्या मीनाकारीचा सुवर्णपट्ट'.