चौथं वर्ष करू की नको?

प्रश्न : मॅडम, मी वाई तालुक्यातली. 2024 मध्ये बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, मेजर बॉटनी. आता तिसरं वर्ष चालू आहे, आतापर्यंत 78 टक्के आहेत. आमचे सर म्हणतात, चौथ्या वर्षाला थांब, ‘ऑनर्स विथ रिसर्च’ कर. बाबा म्हणतात, जाहिरातीत नुसती पदवी मागतात, वर्ष कशाला घालवतेस? मला झाडाझुडपांवरच काम करायचं आहे. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी बाबांचं म्हणणं घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. आपल्याकडची तीन वर्षांची, 132 क्रेडिटची पदवी ही पूर्ण पदवी आहे. राज्यसेवेला बसायचं असेल तर तेवढ्यावर भागतं. पण वर्ष वाया जाईल ही भीती त्यांनी सोडावी. चौथं वर्ष केलंस की एम.एस्सी. एका वर्षाची होते. तीन अधिक दोन काय आणि चार अधिक एक काय, वर्षं पाचच.

आता तुझं. चौथ्या वर्षाच्या, म्हणजे ऑनर्सच्या, दोन वाटा आहेत. एकीत मुख्यतः विषयाचे पेपर असतात. दुसरीत संशोधन प्रकल्प असतो, यूजीसीच्या आराखड्यात त्याला 12 क्रेडिट आहेत. तिला पहिल्या सहा सेमिस्टरचे मिळून 75 टक्के लागतात. तेव्हा सहावं सेमिस्टर हलक्यात घेऊ नकोस. चार वर्षांच्या पदवीलाही 75 टक्के टिकवलेस, तर पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरतेस.

तुला झाडांवर काम करायचंय, म्हणून मी संशोधनाचीच वाट सांगेन. माझी एक विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सोनकीच्या फुलांवर कोणते कीटक येतात ते मोजत होती. एक मीटरची दोरीची चौकट आखायची, पंधरा मिनिटं तिच्यासमोर बसायचं, प्रत्येक माशीची नोंद करायची. पेन्सिलनंच, कारण पावसात शाई पसरते. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, “सगळ्या नोंदी सकाळच्याच का?” खरं कारण परतीची एसटी दुपारची होती, हे. तिनं तसं स्पष्ट सांगितलं, आणि त्यामुळे आपला निष्कर्ष कुठवर खरा मानायचा तेही सांगितलं. मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला. वीस-एकविसाव्या वर्षी ही दृष्टी येत असेल तर ते वर्ष सोन्याचं आहे.

पण ती येते ती मार्गदर्शकामुळे. म्हणून सरांना थेट विचार : मला गाइड कोण असेल? त्यांची पीएच.डी. कशात आहे? त्यांच्याकडे आणखी किती मुलं? हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे का, आणि प्रॅक्टिकल संपल्यावर लॅब उघडी मिळेल का? उत्तरं गुळमुळीत आली, तर आदर ठेवून नाही म्हण, तीन वर्षांची पदवी घे आणि दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला चांगल्या विभागात जा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या बॉटनी विभागाचं स्वतःचं वनस्पती उद्यान आहे. एकदा जाऊन बघून ये, बाबांनाही घेऊन जा. नावापुढे ‘ऑनर्स’ लागावं एवढ्यासाठी मात्र थांबू नकोस.