पहाटेच्या व्यायामग्रुपमध्ये नवखे असताना

प्रश्न : माझे वय ४४ असून मी शाळेत शिक्षिका आहे. गेल्या कित्येक वर्षांत शाळा आणि स्वयंपाकघर यांपलीकडे शरीराला हालचाल नाही. जाऊबाईंच्या आग्रहावरून मी सकाळी साडेपाचच्या एका ऑनलाइन व्यायामवर्गात नाव घातले. साठ-सत्तर जणी व्हिडिओ कॉलवर एकत्र येतात आणि नंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकीने आज किती केले ते लिहायचे असते. पहिल्याच दिवशी मी इतरांबरोबर २५ सूर्यनमस्कार आणि ४० बैठका काढल्या. तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की जिन्याचा कठडा धरून उतरावे लागले. त्यानंतर मी गेलेच नाही. ग्रुपवर रोज येणारे आकडे पाहून ओशाळल्यासारखे होते. हे माझ्यासाठी नाही असे समजून बाहेर पडू का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, बाहेर पडू नका. तुमच्याकडून चूक एवढीच झाली की ग्रुपकडून फक्त वेळ घेण्याऐवजी तुम्ही त्यांची संख्याही घेतली. साडेपाचला कुणीतरी आपली वाट पाहत आहे, हे बळ ग्रुप देतो आणि घरात एकट्याने सुरू केलेला व्यायाम बहुतेक वेळा याच बळाअभावी आठवडाभरात थांबतो. पण किती करायचे, हे मात्र ग्रुप ठरवू शकत नाही, कारण वर्षभर बैठका काढणाऱ्या बाईच्या मांड्या आणि कालच सुरुवात केलेल्या बाईच्या मांड्या यांची तयारी सारखी नसते.

प्रथम त्या दुखण्याविषयी. सवय नसलेल्या स्नायूंवर, विशेषतः बैठकीत खाली जाताना शरीराचे वजन तोलून धरताना, जो ताण येतो त्याने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. हे दुखणे व्यायाम संपताच जाणवत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि साधारण आठवड्याभरात आपोआप ओसरते. स्नायूंत आम्ल साचून राहिल्यामुळे असे होते हा समज अजून प्रचलित आहे, पण ते आम्ल व्यायामानंतर तास-दोन तासांतच निघून गेलेले असते. अशा वेळी पूर्ण पडून राहण्यापेक्षा हलके चालणे बरे. स्नायू अशा ताणाला फार लवकर सरावतात आणि तोच व्यायाम दुसऱ्यांदा केल्यावर दुखणे पुष्कळ कमी असते, हे ध्यानात ठेवा. मात्र दुखण्याबरोबर मांड्या सुजल्या आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा गडद झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे, कारण स्नायूंची मोठी झीज होऊन मूत्रपिंडांवर भार येत असल्याची ती खूण असू शकते. त्याचप्रमाणे एखाद्या सांध्यात, म्हणजे गुडघ्यात किंवा मनगटात, नेमक्या जागी टोचल्यासारखे दुखत असेल तर ते स्नायूंच्या भरून येण्यापेक्षा वेगळे आहे. तो व्यायाम तेव्हाच थांबवावा.

तालमीत वस्ताद समोर उभा असतो. नव्या पोराची कंबर कुठे वाकते, त्याचा दम कुठे लागतो, हे त्याला दिसते आणि जोर-बैठकांची संख्या तो त्यावरून ठरवतो. व्हिडिओ कॉलवर शिकवणाऱ्या बाईंना सत्तर चौकोन दिसतात, प्रत्येक चौकोन टपाल तिकिटाएवढा, आणि त्यातही बहुतेकींचा चेहराच तेवढा दिसत असतो. तेव्हा आपले वस्ताद काही अंशी आपणच व्हायला हवे. फोन छातीसमोर न ठेवता बाजूला, जरा लांब, गुडघ्याच्या उंचीवर ठेवा, म्हणजे बैठक आणि पाठीचा बाक त्यांनाही दिसेल आणि चित्रण करून ठेवल्यास नंतर तुम्हालाही. शिकवणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी स्वतंत्रपणे कळवा की तुम्ही नवीन आहात आणि अमुक ठिकाणी दुखते. चांगला शिक्षक हे ऐकून प्रत्येक व्यायामाचा सोपा प्रकार सांगतो. तसा सांगत नसेल, किंवा दुखत असतानाही ‘ढकला अजून’ म्हणत असेल, तर मात्र वर्ग जरूर बदला.

पुन्हा सुरू करताना पहिले दोन आठवडे सर्वांबरोबर उपस्थित राहा, पण बैठकांऐवजी घरातील भक्कम खुर्चीवर बसून हात न टेकता उठण्याचा सराव करा. ८ ते १० वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा एकदा. जोरांऐवजी भिंतीवर हात टेकून तेच करावे. सूर्यनमस्कार ३ घाला, तेही सावकाश, श्वासाच्या लयीत, कारण घाईत घातलेल्या नमस्कारांत मनगटे आणि कंबर यांवर सगळा भार पडतो. इतर जणी पुढे जात असतील तर जागच्या जागी चालत राहा. मग दर आठवड्याला एकेक नमस्कार आणि दोन-तीन बैठका वाढवा. बैठका आणि जोर यांसारखे स्नायूंना ताण देणारे व्यायाम लागोपाठ दोन दिवस करू नका. मध्यंतरीच्या दिवशी चाला. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग प्रौढांसाठी मध्यम मानला जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार अशा मध्यम हालचालीची आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम निदान दोन दिवस व्हायला हवा. आज ती १५० मिनिटे दूर वाटतील, पण दिवसाला दहा मिनिटेही वाया जात नाहीत.

अगदी नवख्यांसाठी आखलेला एक कार्यक्रम इंटरनेटवरूनच जगभर पसरला, त्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये आपल्या पन्नाशीतल्या आईसारख्या, कधीही न धावलेल्या माणसांसाठी नऊ आठवड्यांची एक आखणी केली. तिच्या पहिल्या आठवड्यात फक्त तीन दिवस असतात आणि त्या दिवशी ६० सेकंद हळू धावणे, ९० सेकंद चालणे, असे आलटून-पालटून २० मिनिटे करायचे असते. आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करण्याची मुभा असते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेही हीच आखणी पुढे लोकांपर्यंत नेली. नवख्या माणसाला लाज वाटणार नाही इतकी लहान पहिली पायरी ठेवणे, हेच तिचे सामर्थ्य आहे, असे मला वाटते.

ग्रुपवर आकडा जरूर लिहा, आणि तो खरा लिहा. ‘आज ३ नमस्कार, १६ वेळा खुर्चीवरून उठले’ असे तुम्ही लिहिलेत, तर मागे गप्प बसलेल्या आणखी चार जणींना हायसे वाटेल. शिवाय एक गोष्ट, जी बायका सहसा विचारत नाहीत: उड्या मारताना लघवीचे थेंब येत असतील तर उड्या तात्पुरत्या वगळा आणि ओटीपोटाखालचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. हे बाळंतपणानंतर अनेकींना होते आणि बहुतेकींचे उपचाराने सुधारते.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा सेवानिवृत्त कर्मचारी आहे. मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. मुलाने मला पावले मोजण्याच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये घातले असून तिथे रोज १०,००० पावलांचा दंडक आहे. माझी ४,००० च्या वर जात नाहीत. याचा काही उपयोग आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : निश्चितच आहे. दहा हजार हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातच ‘दहा हजार पावले’ असा अर्थ होता आणि तेथून तो जगभर रूढ झाला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रियांच्या पावलांची नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला. हा अभ्यास केवळ स्त्रियांचा होता आणि अशा नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, तरीही तुमची ४,००० पावले क्षुल्लक नाहीत एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. दर पंधरवड्याला ५०० वाढवा आणि शक्य असेल तेव्हा जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला, कारण त्या वेळी चालल्याने जेवणानंतर वाढणारी साखर कमी चढते.

तुमच्या बाबतीत काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. पावले वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा दाखवा, आणि गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर खिशात साखरेचे खडे किंवा ग्लुकोज ठेवा, कारण घाम, थरथर, चक्कर ही साखर फार उतरल्याची चिन्हे असू शकतात. चालताना बूट-मोजे घाला, आणि घरी आल्यावर तळपाय रोज पाहा. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर फोड येऊनही कळत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडीचे ठोके कमीच राहतात, तेव्हा घड्याळातील ठोक्यांपेक्षा दम किती लागतो त्यावरून वेग ठरवणे चांगले. छातीत दडपल्यासारखे वाटले, ते दुखणे हातात किंवा जबड्यात उतरले, तर पावलांचा हिशोब सोडून थांबा आणि तातडीने रुग्णालय गाठा.

प्रश्न : मी ज्या व्यायामग्रुपमध्ये आहे तेथे दर सोमवारी वजनाचा फोटो टाकायचा असतो आणि ज्यांचे उतरत नाही त्यांना एक पावडर घ्यायला सांगतात. ती घ्यावी का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : घेऊ नये. ज्याची कमाई पावडरच्या विक्रीवर आहे त्याने तुमच्या वजनाविषयी दिलेला सल्ला निःपक्ष राहत नाही, आणि डब्यावर घटकद्रव्ये लिहिलेली नसतील तर धोका अधिकच. वजन तर मीठ, पाणी आणि शौच यांच्या फरकानेही एका दिवसात किलोभर मागेपुढे होते. त्या फोटोऐवजी महिनाभरात किती मिनिटे न थांबता चालता किंवा धावता येऊ लागले, आणि किती जोर नीट काढता येऊ लागले, याची नोंद वहीत ठेवा. प्रथिनांसाठी घरची डाळ, उसळ, दूध, दही आणि खात असाल तर अंडी पुरेशी आहेत. फोटो न टाकल्याबद्दल ग्रुपमध्ये कुणी टोचून बोलले, तर तो ग्रुप सोडा आणि वर्गातल्या दोन मित्रांना घेऊन संध्याकाळी रंकाळ्यावर धावायला जा.