देइनोस: एक विशेषण आणि त्याच त्या शंका

प्राचीन ग्रीकमधल्या 'देइनोस' (ढोबळ अर्थ 'भयंकर') या विशेषणाबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एकत्र उत्तरं.

'देइनोस' आणि आपलं 'दीन' एकच ना?
नाही. त्याचं नातं 'देओस', म्हणजे भीती, या ग्रीक नामाशी आहे.

आघात कुठे द्यायचा?
शेवटच्या अक्षरावर. 'देइना' (भयंकर गोष्टी) म्हणताना तो पहिल्या अक्षरावर गेला, तर अर्थ होतो 'अमका'.

डायनोसॉर म्हणजे 'भयंकर सरडा'?
ढोबळमानाने. १८४२ साली 'देइनोस'वरून हे नाव देताना ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना अभिप्रेत होता धडकी भरवणारा प्रचंडपणा.

ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या 'अँटिगनी' या नाटकात 'माणसाइतकं अद्भुत काही नाही' असं आहे. मग शब्दकोशात 'भयंकर' कसं?
हे अर्धवट अवतरण आता पुरे! ३३२व्या ओळीत शब्द आहे 'देइना', आणि पुढच्याच ओळीत तुलनावाचक 'देइनोतेरोन' (अधिक देइनोस). कोरस (नाटकातला गायकवृंद) पुढे समुद्र ओलांडणं, नांगरणी, पारध, भाषा हे सगळं मोजतो. पण मृत्यूवर उपाय नाही, आणि हीच हुशारी कधी चांगल्याकडे तर कधी वाइटाकडे वळते, हेही सांगतो. शिवाय त्याआधी २४३ आणि ३२३ या ओळींत पहारेकऱ्याच्या तोंडी हाच शब्द आहे, आणि तिथे कौतुकाचा मागमूस नाही. प्रेक्षकांच्या कानात तो शब्द घोळत असतानाच कोरस सुरू होतो. 'अद्भुत' म्हटलं की भीती गळते, 'घोर' म्हटलं की कर्तृत्व. मी 'अचाट' घेईन. मर्यादा ओलांडल्याची छटा त्यात आहे. आपण 'भयंकर हुशार' म्हणतोच. प्लेटोच्या 'प्रोतागोरास' या संवादात शब्दार्थांबाबत काटेकोर असलेला शिक्षक प्रोडिकस नेमका अशा बोलण्यावरच आक्षेप घेतो: रोग, युद्ध, दारिद्र्य देइनोस असतं, संपत्ती, शांतता कोणी देइनोस म्हणतं का? भाषांतर छापायचं असेल, तर मूळ ओळी भाष्यासह जाणकाराकडून तपासून घ्या.

वक्तृत्ववर्गासाठी नामकरण सल्लागाराने पैसे घेऊन 'देइनोस' सुचवलं. अर्थ 'प्रभावी वक्ता'. ठेवू का?
अर्धा शब्द विकलाय तुम्हाला. वक्त्यासाठी 'देइनोस लेगेइन' हवं: विशेषण आणि पुढे 'बोलणे' हे क्रियापद. तेही निव्वळ स्तुती नाही. इ. स. पू. ३९९च्या खटल्यात, प्लेटोच्या 'अपोलॉजी'नुसार, फिर्यादींनी न्यायसभेला बजावलं होतं की सॉक्रेटिस देइनोस लेगेइन आहे, त्याच्या बोलण्याला फसू नका. ग्रीक शिकवणाऱ्या कोणाला तरी विचारल्याशिवाय पाटी रंगवायला देऊ नका.