कायगाची भट्टी जुनी झाली म्हणजे नेमकं काय जुनं झालं?

तुमचा प्रश्न असा: राहता गोव्यातल्या काणकोणात, शेजारच्या कारवार भागातल्या कायगा अणुवीज केंद्राचं पहिलं युनिट 2000 साली सुरू झालं, म्हणजे पंचवीस वर्षं उलटली. अशा जुन्या अणुभट्टीची तपासणी कोण करतं आणि ती खरी असते की कागदोपत्री?

कोण करतं ते आधी सांगतो. मुंबईतल्या अणुशक्तीनगरातलं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. स्थापना 1983 ची. भट्टी चालवायचा परवाना एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा मिळतो आणि दर दहा वर्षांनी संपूर्ण केंद्राचा सुरक्षा आढावा होतो. त्यात केंद्र आजच्या नियमांना कुठे कमी पडतं ते मांडावं लागतं. मधल्या काळात मंडळाचे तपासनीस ठरल्या वेळी येतातच. मंडळाला तेव्हा स्वतंत्र कायद्याचं पाठबळ नव्हतं, यावर कॅगने (सरकारी कारभाराच्या लेखापरीक्षकाने) 2012 च्या अहवालात बोट ठेवलं होतं आणि ते रास्तच होतं. पण तपासणीत काय बघतात हे कळल्याशिवाय तिला कागदोपत्री म्हणणं घाईचं होईल.

माझ्या मते भट्टीचं वय वर्षांत मोजण्यात फारसा अर्थ नाही. पंप, व्हॉल्व्ह, मोटारी बदलता येतात. काळजी असते ती प्रेशर ट्यूबची. कायगाच्या 220 मेगावॅटच्या प्रत्येक युनिटमध्ये अशा 306 नळ्या आडव्या बसवलेल्या आहेत. नळी झिर्कोनियम-नायोबियमची, लांबी पाच मीटरच्या आसपास, भिंत जेमतेम साडेतीन मिलिमीटर. आत इंधन आणि तीनशे अंशांच्या जवळ तापलेलं, मोठ्या दाबाखालचं जड पाणी, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असतो ते. बाहेरून दुसरी नळी, कॅलँड्रिया ट्यूब, तिच्याभोवती तुलनेने थंड जड पाणी. दोन नळ्यांच्या मधल्या फटीत कोरडा कार्बन डायऑक्साइड फिरत असतो आणि ही फट टिकवायला प्रत्येक नळीवर कड्यासारख्या चार गार्टर स्प्रिंगा असतात.

वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा बसून नळी लांब होते, रुंदावते आणि तिला कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा झोळ येतो. स्प्रिंग जागची सरकली तर गरम नळी थंड नळीला टेकते. टेकलेला ठिपका गार पडतो. जड पाण्यामुळे नळी गंजताना तिच्यात ड्युटेरियम शिरलेला असतो, तो या गार ठिपक्याकडे गोळा होतो, तिथे हायड्राइडचा, म्हणजे धातू आणि हायड्रोजनच्या ठिसूळ संयुगाचा फोड धरतो आणि फोडाला तडा जाऊ शकतो. तपासणीतला मुख्य शोध याच साखळीचा.

त्यासाठी भट्टी थांबवून निवडलेल्या चॅनेलमधलं, म्हणजे नळ्यांमधलं इंधन काढतात आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेल्या बार्सिस यंत्रणेचं डोकं नळीतून फिरवतात. अल्ट्रासॉनिकने, म्हणजे ध्वनिलहरींनी, भिंतीची जाडी, व्यास आणि तडे, एडी करंटने, म्हणजे धातूत उमटवलेल्या विद्युतप्रवाहाने, स्प्रिंगांची जागा आणि मधली फट बघतात. काही नळ्यांची आतून पातळ खरवड घेऊन ड्युटेरियमचं प्रमाण प्रयोगशाळेत मोजतात. दर शटडाउनला सगळ्या 306 तपासत नाहीत, नमुना घेतात. म्हणून नमुना कसा निवडला, हा प्रश्न विचारण्यासारखा. कायगा-1 सलग 962 दिवस चालून 2018 अखेर थांबलं, तो विक्रम छापून आला. या जातीच्या भट्टीला इंधन बदलायला थांबावं लागत नाही, पण नळीच्या आतून तपासणी करायला थांबावंच लागतं. त्यामुळे मला विक्रमापेक्षा त्यानंतरच्या शटडाउनला किती नळ्या बघितल्या हा आकडा मोलाचा वाटतो.

एवढं करूनही काय निसटतं, ते गुजरातेत ककरापारला दिसलं. 11 मार्च 2016 रोजी तिथल्या पहिल्या युनिटची एक प्रेशर ट्यूब फुटून जड पाणी गळलं. त्या नळ्या काही वर्षांपूर्वीच बदललेल्या, म्हणजे वयाचा प्रश्नच नव्हता. गंज सापडला तो नळीच्या बाहेरच्या अंगावर, जिथे कोरडा वायू असतो आणि गंजाची धास्ती कमी धरलेली असते. तपासणी जे शोधायला जाते ते तिला सापडतं. म्हणून त्या वायूची शुद्धता आणि दवबिंदू (ज्या तापमानाला वायूतल्या बाष्पाचं पाणी होतं ते) या किरकोळ वाटणाऱ्या नोंदी मी सर्वांत आधी बघेन. दवबिंदू वर चढला, तर बहुधा कुठून तरी ओल आत येते आहे.

बाकीचं थोडक्यात. नळ्यांना जोडलेले कार्बन स्टीलचे, पाणी नेणारे-आणणारे फीडर पाइप पाणी बाहेर पडणाऱ्या बाजूच्या वळणांवर वेगवान पाण्याने आतून झिजतात. तिथे जाडी मोजतात आणि झीज फार झाली की बदलतात. वाफ तयार करणाऱ्या स्टीम जनरेटरच्या नळ्या एडी करंटने तपासून कमजोर निघालेल्या दोन्ही टोकांना बुजवतात. केबल मात्र दुर्लक्षित राहतात. 31 मार्च 1993 ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनचं पातं तुटून हायड्रोजन पेटला, आग केबलांतून पसरली आणि केंद्र तासन्‌तास विजेविना राहिलं. राखीव वीजमार्गांच्या केबल एकमेकींपासून पुरेशा वेगळ्या नव्हत्या. केबलवरचं आवरण उष्णतेने कडक होऊन तडकतं, हेही जुन्या केंद्रातलं दुखणं.

आता गोव्याचं. आणीबाणी नियोजनाचा पट्टा केंद्रापासून 16 किलोमीटरचा, तो गोव्याच्या हद्दीपर्यंत पोचत नाही. नियोजनाची जबाबदारी कारवारच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. केंद्राजवळची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आसपासचं दूध, भाजी, मासळी, पाणी यांचे नमुने तपासते. सामान्य माणसासाठी किरणोत्साराच्या मात्रेची मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट. काळी नदी सदाशिवगडाशी समुद्राला मिळते आणि कारवारची मासळी मडगावच्या बाजारात येते, तेव्हा मासळीतल्या आणि पाण्यातल्या ट्रिटियमचे, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचे आकडे मागणं तुमच्या हक्कात बसतं. मंडळाचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर असतो. त्यात कायगाच्या परवान्याची मुदत आणि वर्षभरातल्या घटनांची श्रेणी बघा. पुढे माहिती अधिकारात अर्ज करायचा तर "भट्टी सुरक्षित आहे का" असं विचारू नका, होकारार्थी एक ओळ हाती येईल. गेल्या शटडाउनला किती चॅनेल तपासले, किती नळ्यांची खरवड घेतली आणि फीडरच्या वळणांवर सर्वांत कमी जाडी किती भरली, एवढे तीन आकडे मागा. गोपनीयतेचं कारण देऊन नाकारलं, तर पहिलं अपील तीस दिवसांत करायचं असतं.