फुटलेला कोड वाचून शिकावं का?

प्रश्न : माझा मुलगा शिरपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जीटीए ५ या गेमचा फुटलेला सोर्स कोड, म्हणजे कंपनीतून चोरून बाहेर आलेला मूळ प्रोग्राम, त्याला मित्राने टेलिग्रामवर पाठवला. ‘मी थोडाच चोरलाय? वाचून शिकतोय, त्यातलं घेऊन माझा गेम करीन,’ म्हणतो. पुढे नोकरीत अडचण येईल का, दादा? — एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, येऊ शकते. मी जळगावात पोरांना प्रोग्रामिंग शिकवतो, म्हणून स्पष्ट सांगतो. हा कोड डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर फुटला. तो जाणूनबुजून स्वतःच्या गेममध्ये वापरणं हा कॉपीराइटचा भंग आहे. १९५७ च्या कायद्याच्या कलम ६३ खाली त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड सांगितला आहे.

पण मला जास्त काळजी त्याच्या कामाची वाटते. विंडोजचे प्रोग्राम लिनक्स या मोफत प्रणालीवर चालवणारा ‘वाईन’ नावाचा मोफत प्रकल्प आहे. मायक्रोसॉफ्टचा विंडोजचा कोड पाहिलेल्या माणसाचं काम ते घेत नाहीत. विंडोजसारखीच प्रणाली मोफत बनवणाऱ्या ‘रिॲक्टओएस’वर तर विंडोजमधला कोड घेतल्याचा नुसता संशय आला, तरी २००६ मध्ये त्यांना स्वतःचा सगळा कोड तपासायला बसावं लागलं. आपली पोरं नोकरीसाठी पुणे-बंगळूर गाठतात, तिथे वशिला नसतो. गिटहब या साइटवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलेलं कोडचं काम हीच त्यांची ओळख. त्यावरच संशय आला तर?

खेळणाऱ्यांचंही नुकसान होतं. जानेवारी २०२३ मध्ये ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या ऑनलाइन गेमचा कोड चोरीला गेला. चोरांनी १ कोटी डॉलर मागितले, गेम बनवणाऱ्या रायट कंपनीने ते दिले नाहीत. पण यातून नवे चीट, म्हणजे खेळात फसवून जिंकायचे प्रोग्राम, निघू शकतात, हे कंपनीनेच सांगितलं. म्हणजे प्रामाणिकपणे खेळणारा पोरगा हरणार. मला याचा खरंच राग येतो.

शिकायची त्याची हौस मात्र मारू नका. ‘डूम’ या जुन्या गेमचा कोड बनवणाऱ्यांनीच १९९७ मध्ये खुला केला, १९९९ मध्ये जीपीएल या खुल्या परवान्यावर आणला. त्यांच्याच ‘क्वेक ३’ गेमचा २००५ मध्ये आला. वाचा, मोडा, बदला, सगळी मुभा. फक्त बदललेला गेम लोकांना दिला तर आपला कोडही द्यायचा. स्वतःचा गेम करायला ‘गोडो’ इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, फुकट आहे.

आज ती फाइल पुसायला लावा, पुढे कुणाला पाठवू देऊ नका. मग ‘डूम’मध्ये एक नवं शस्त्र बसवायला सांगा. कुठे अडला तर मासिकाच्या पत्त्यावर त्यालाच लिहू द्या, मी उत्तर देईन.