रिपेअर फसलं म्हणजे विंडोज मेलं असं नाही

प्रश्न : घरचा डेस्कटॉप, विंडोज १०, एक टीबीची हार्ड डिस्क. अपडेट चालू असताना लाइन गेली. तेव्हापासून 'ऑटोमॅटिक रिपेअर कुडन्ट रिपेअर युवर पीसी' एवढंच येतं. काळ्या विंडोत एसएफसी (विंडोजच्या फाइल्स तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवलं, तर 'सिस्टिम रिपेअर पेंडिंग' म्हणून नकार मिळाला. डिस्म या दुसऱ्या दुरुस्तीच्या आज्ञेने एरर ५० दिली. दुकानदार फॉरमॅट सुचवतो, पण मुलांचे फोटो आणि बाबांच्या पेन्शनची कागदपत्रं त्यातच आहेत. काय करू?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : फॉरमॅट करू नका, आणि 'स्टार्टअप रिपेअर'वर पुन्हा पुन्हा क्लिकही करू नका. तुम्हाला आलेल्या दोन्ही एररवरून तुमचं विंडोज दुरुस्तीपलीकडे गेलंय असं सिद्ध होत नाही. ती काळी विंडो (कमांड प्रॉम्प्ट) एका वेगळ्या, छोट्या विंडोजमध्ये उघडते. ते मेमरीत चालतं आणि त्याच्या ड्राइव्हचं अक्षर एक्स असतं. नुसतं 'एसएफसी /स्कॅननाऊ' किंवा 'डिस्म /ऑनलाइन' दिलं की आज्ञा त्या छोट्या विंडोजवर चालते, डिस्कवरच्या विंडोजला हातही लागत नाही. एरर ५० येते ती नेमकी याच कारणाने.

सगळ्यात आधी डेटा. त्याच विंडोत 'नोटपॅड' टाइप करा. फाइल, मग ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. उघडलेल्या चौकटीत उजव्या क्लिकने कॉपी-पेस्ट चालतं. बाहेरची यूएसबी डिस्क लावून फोल्डर तिच्यावर घ्या. फाइल्स खूप असतील तर रोबोकॉपी ही विंडोजचीच कॉपी करायची आज्ञा बरी (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप रोमन अक्षरांतच करायच्या; सी आणि ई च्या जागी त्या चौकटीत दिसणारी तुमच्या ड्राइव्हची अक्षरं घाला) :

रोबोकॉपी सी:\युजर्स ई:\बॅकअप /ई /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१

शेवटचे दोन पर्याय विसरू नका. ते दिले नाहीत, तर न वाचता येणाऱ्या एकेका फाइलवर रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करतं. लोकांना वाटतं कॉम्प्युटर अडकला.

मग डिस्कची तब्येत. ती काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरांच्या ओळींची 'रॉ व्हॅल्यू' बघा. तिन्ही शून्य हव्यात. सी५ वाढत असेल तर डिस्क वाचता वाचता हरते आहे, तिच्यावर कुठलंही रिपेअर टिकणार नाही. अशा डिस्कवर 'चेकडिस्क /आर' चालवणं मला सर्वांत घातक वाटतं. ते प्रत्येक सेक्टर वाचतं, एक टीबीला कित्येक तास लागतात आणि आधीच थकलेली डिस्क त्या ताणात बसते. डेटा बाहेर काढल्याशिवाय ते नकोच. सी७ एकटीच वाढलेली असेल तर डिस्कला दोष देऊ नका, साटा केबल बदला.

डिस्क ठीक निघाली की ती परत बसवा आणि विंडोजकडे वळा. लाइन अपडेटच्या मधेच गेली, म्हणून आधी 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधलं 'अनइन्स्टॉल अपडेट्स' वापरा आणि 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट' काढा. जमलं नाही तर काळ्या विंडोत 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट व्हॉल्यूम' देऊन खऱ्या विंडोजचं अक्षर ओळखा. इथे ते सी असेलच असं नाही, बऱ्याचदा डी निघतं. 'एक्झिट' करून बाहेर या. अक्षर सी निघालं असं धरून :

डिस्म /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स

अर्धवट राहिलेलं अपडेट याने मागे घेतलं जातं. रीस्टार्ट करा आणि पडदा कितीही वेळ तसाच राहिला तरी मधे बटण दाबू नका. तरीही सुरू झालं नाही तर :

एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज

काही फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत असं आलं, तर एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइल्स घेतं तो साठाच बिघडलाय. तो बाहेरून भरावा लागतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज १० तयार करा. विंडोज ११ चा पेनड्राइव्ह इथे चालत नाही. मग :

डिस्म /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ /सोर्स:ईएसडी:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी:१ /स्क्रॅचडिर:सी:\स्क्रॅच

'स्क्रॅच' फोल्डर आधी बनवून ठेवा, कारण एक्स ड्राइव्हवरची मोकळी जागा अगदी थोडी असते आणि तेवढ्यावरूनच काम मधे तुटतं. शेवटचा १ हा आवृत्तीचा क्रमांक. होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो यांचे क्रमांक वेगळे असतात. 'डिस्म /गेट-विमइन्फो /विमफाइल:' पुढे त्याच फाइलचा पत्ता दिला की यादी दिसते. आवृत्ती किंवा भाषा जुळली नाही की '८००एफ०८१एफ' म्हणजे 'सोर्स सापडला नाही' असं येतं. पेनड्राइव्हचं अक्षरही 'लिस्ट व्हॉल्यूम'मध्येच दिसेल. हे पूर्ण झालं की एसएफसी पुन्हा एकदा चालवा.

विंडोज उघडलं की पेनड्राइव्हवरचं सेटअप आतूनच चालवा आणि 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' निवडा. पेनड्राइव्हवरून बूट केल्यास हा पर्याय मिळत नाही.

आता लाइनचं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि यूपीएसची बॅटरी त्या उष्णतेत लवकर मरते. २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. दर पावसाळ्याआधी प्लग काढून ती किती मिनिटं तग धरते ते बघा. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे ना, हे पाहा. साध्या मोडमध्ये लाइन बदलताना तो रीस्टार्ट होऊ शकतो. आणि कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका, दमट हवा आणि धूळ दोन्ही आत ओढली जातात.

प्रश्न : 'बूटरेक /फिक्सबूट' दिलं की 'ॲक्सेस इज डिनाइड' येतं. पासवर्डची भानगड आहे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाही. यूईएफआय पद्धतीच्या, म्हणजे अलीकडच्या बहुतेक कॉम्प्युटरवर बूटच्या (विंडोज सुरू करणाऱ्या) फाइल्स वेगळ्या, फॅट३२ विभागात असतात, साधारण १०० ते ३०० एमबीच्या. त्याला अक्षर नसतं. 'डिस्कपार्ट'मध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' देऊन तो शोधा, 'सिलेक्ट व्हॉल्यूम' आणि त्याचा क्रमांक द्या, मग 'असाइन लेटर=एस'. बाहेर येऊन 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय' द्या. बूट फाइल्स नव्याने लिहिल्या जातात आणि फिक्सबूटची गरज उरत नाही. त्या विभागाला फॉरमॅट द्यायच्या भानगडीत पडू नका, पेनड्राइव्हही फॅट३२ असू शकतो, म्हणून आकार नीट बघा.

प्रश्न : लॅपटॉपचं रिपेअर ४८ आकडी किल्ली मागतं. मी कधीच काही लॉक केलं नव्हतं.
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की कित्येक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला किल्लीचं कुलूप, आपोआप चालू होतं. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झालं की मग ते किल्ली मागतं. दुसऱ्या फोनवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा आणि रिकव्हरी की बघा. पडद्यावरच्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं जुळणारी किल्ली तुमची. घरात दोन-तीन जणांनी तो लॅपटॉप सेट केला असेल तर प्रत्येकाचं खातं तपासा. कार्यालयाने दिलेला लॅपटॉप असेल तर किल्ली त्यांच्याकडे असते. ती कुठेच नसेल तर सीताबर्डीच्या बाजारातला कुठलाही दुकानदार तो डेटा उघडू शकत नाही. जो 'काढून देतो' म्हणतो तो आधी पैसे मागेल. देऊ नका.